रिसेप्टरची भरपगारी सुटी

३ नोव्हेंबर, सकाळी ७
हृदयात स्टेंट बसवून चार महिने झाले. नागपूरच्या डॉक्टरांनी समजावलेले तोंडपाठ आहे. रक्तातल्या प्लेटलेटच्या अंगावर रिसेप्टर असतो, म्हणजे कुलूप. नाव पी-टू-वाय-ट्वेल्व्ह. त्यात किल्ली फिरली की प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गुठळी होते. माझी गोळी त्या कुलपात काडी मोडून ठेवते. वर्षभर एक दिवसही चुकवायची नाही. नाही म्हणजे नाही!

५ नोव्हेंबर
गोळीमुळे दंडावर निळे डाग. राइस मिलमध्ये हमाल विचारतात, मिस्त्री, वहिनीनं चिमटे काढले का? हसण्यावारी नेले. पण लागले.

६ नोव्हेंबर, दुपारी
डोके चालवले. हमालाला चार महिने भरपगारी सुटी दिली तर तो पोते उचलणे विसरेल. रिसेप्टर काय वेगळा? गोळी बंद. दुर्गाला सांगितले नाही. बायकोला सायन्स झेपत नाही.

७ नोव्हेंबर
यादोराव आमच्याच मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. त्यालाही स्टेंट, तीच गोळी. तासभर समजावले. म्हणाला, बराबर हाय गा मिस्त्री, मीबी बंद करतो. एक माणूस सुधारला.

११ नोव्हेंबर
डाग फिके. दम लागत नाही. भजी दोन प्लेट. डॉक्टर थक्क होणार.

१३ नोव्हेंबर, नागपूर
चेकअप. थिअरी सांगितली आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. डॉक्टर ताडकन उठले. म्हणाले, प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते. सुटीवरच्या बहुतेक मेल्या, रोज नव्या येतात, कोऱ्या कुलपासकट. स्टेंट कधीही बंद पडला असता. ईसीजी काढला, समोर गोळी गिळायला लावली. वाचलो.
पण यादोराव? फोन लावतो, उचलत नाही. अरे देवा, काय करून बसलो!

संध्याकाळी ७
तुमसर रोड स्टेशनला उतरून ऑटोने थेट यादोरावच्या घरी. वाटेत चक्क रडलो. तो अंगणात मुरमुरे खात बसलेला. पायच धरले, म्हटले, गोळी घे रे बाबा. म्हणाला, बंद कुठं केली? रोज घेऊन राहिलो ना.
मग हो काहून म्हटले?
म्हणे, तुम्ही बोलाले लागले का थांबत नाही. हो म्हटलं का लवकर सुटका होते. मिलमध्ये सगळेच असं करतात. बावीस वर्षांपासून.