षष्ठीचं वाहन आणि माझं अंगण

मी, शेफालिका कुंडू, कै. निताईपद कुंडू यांची पत्नी, राहणार कृष्णनगर, जिल्हा नदिया, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. शुद्धीत आहे म्हणूनच नाक दाबून लिहिते आहे. शेजारच्या रेबती साहाचा बोका आत्ताच माझ्या तुळशीवर मुतून गेला.

१. सासूबाईंच्या साड्यांची गोधडी जाळून टाकावी. तिच्यावर रेबतीची मांजरी व्याली. कितीही धुतली तरी वास जात नाही. शी!

२. वड्या वाळवायची परात आणि पाटा-वरवंटा पुतण्याची बायको मिताली हिला. वड्या उन्हात घातल्या की जागचं हलू नये. मी जरा उठले की ओल्या डाळीत पंजे उमटलेच. किळस येऊन अख्ख्या पराती उकिरड्यावर ओतल्या आहेत.

३. पुतण्या बाबलू याला यजमानांचं घड्याळ, बाकी काही नाही. तो म्हणाला, "काकी, विष घालतो, कटकटच मिटेल." मला मांजरांची किळस आहे, पण असल्या माणसाची जास्त.

४. रेबतीला काहीही देऊ नये. मी नवी नवरी असताना तिच्या मांजरीनं इलिश माशाचं डोकं पळवलं, मी झाडू हाणला. ही कुंपणावरून ओरडली, "षष्ठीच्या वाहनावर झाडू उगारलास ना दिदी? आता तुझी कूस उजवते का बघ!" आमच्याकडे लेकरं षष्ठी देते. तिच्या व्रतकथेतली सून स्वतः मासा खाऊन मांजरावर आळ घेते, म्हणून मांजर तिची लेकरं पळवतं. माझा मासा खरोखर मांजरीनंच नेला होता, देवीनं एवढं तरी बघायचं! कूस उजवली नाही. ते बोलणं मी विसरले नाही, माफही केलेलं नाही.

५. घर आणि अंगण रेबतीची लेक टुकू, कागदोपत्री सुचिस्मिता, हिला. लहानपणी रोज दुपारी यायची. "जेठीमा, भात वाढ ना, आमच्या पातेल्यात मांजरानं तोंड घातलंय." मी वाढायचे. रेबतीला काय जळफळायचं ते जळफळू दे.

६. घर टुकूचं झालं की तिच्या आईची मांजरं येणारच. चुलीशी लोळतील, कोपऱ्यात घाण करतील. तरीही त्यांच्यावर कोणी हात उगारू नये. टुकूला दिवस गेले आहेत, आधीचं राहिलं नव्हतं. मी असलं काही मानत नाही. तरी उगारू नये.

वाचून पाहिलं, बरोबर आहे, म्हणून सही केली.

शेफालिका कुंडू

आमच्यासमक्ष सही झाली:
डॉ. प्रद्योत लाहिडी
अनिमा बिश्वास, निवृत्त शिक्षिका

कृष्णनगर, ११ फेब्रुवारी २००३