खाली सही तुझी

विजयनगर, म्हैसूर
११ ऑगस्ट २०२५

चि. अदितीस कुसुमावती आत्याचे आशीर्वाद वि. वि.

फोन सोडून कागद का घेतला म्हणशील. घरात मराठी बोलायची मला बंदी आहे. तुमच्या शाळेचं पत्रक आलं, मुलांशी घरीही इंग्रजीच बोला म्हणून, आणि खाली सही कुणाची, तर माझ्या सख्ख्या भावाच्या मुलीची. अय्यो, दुसऱ्या कुणाची असती तर मी गिळलं असतं.

नवीनने, माझ्याच लेकाने, ते फ्रिजवर चिकटवलंय. सून वाईट नाही गं, पण मेघाश्रीला पोरीच्या शाळेची धास्ती. मी तोंड उघडलं की ती 'नो टॉकिंग' म्हणते. आता चार वर्षांची वर्षिणीही ओठांवर बोट ठेवून मला तेच म्हणते. दोन महिन्यांत नातीला आलेलं इंग्रजी ते एवढंच. आधी दिवसभर तिची टकळी चालायची, अर्धी मराठी, अर्धी कन्नड. आता सगळे मूग गिळून बसतो. मी बहात्तर वर्षांची बाई, नातीला जेव म्हणायला कुणाची परवानगी काढू? शिकवतेस की मुकी करतेस, ते लिहून कळव.

रागावले आहे, तरी जीव तुझ्यावर आहेच.
तुझी आत्या

मेटगळ्ळी
१७ ऑगस्ट

ती. आत्यास अदितीचा सा. न. वि. वि.

पत्रक मुख्याध्यापिकाबाईंनी काढलं, पण सही मी केली. नोकरीच्या भीतीने केली आणि त्याची लाज वाटते.

वर्षिणी माझ्या वर्गात तोंडातून अक्षर काढत नाही. नवी भाषा कानावर पडत असताना मुलं काही महिने गप्प राहतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण आपण तिचं घरचं बोलणंही बंद केलं. आता बाई म्हणतात, महिनाअखेर बोलली नाही तर नाव काढून न्या. माझं डोकंच फिरलं. मी विचारलं, हळदीत चुना पडला की ती लाल होते हे जिला अज्जीने दाखवलंय, तिला 'येलो' नि 'रेड' शिकवायला कितीसा वेळ लागेल? त्या म्हणाल्या, पुस्तकातलं शिकवा.

तर शुक्रवारी तूच वर्गात ये. आपलं घराणं रंगाऱ्यांचं. हळद-चुना आण आणि आपल्या भाषेत बोल. मेघाश्रीशी बोलले. रडली, पण हो म्हणाली. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

रागावलीस तरी ये.
तुझी अदिती

विजयनगर
२४ ऑगस्ट

चि. अदितीस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्रक फ्रिजवरून निघालंय, त्यामुळे आता फोनवरही बोलता आलं असतं. पण हे लिहूनच कळवावंसं वाटलं. शुक्रवारी तू पाणी आणायला गेलीस, तेवढ्यात काय झालं म्हणून विचारत होतीस ना.

मी ताटलीत हळद कालवून तुझे आजोबा लुगडी कशी रंगवायचे ते सांगत होते. मराठी बाकी एकाही पोराला येत नसेल, पण चुना पडताच सगळी 'रेड' म्हणाली. वर्षिणी तेवढी माझा पदर धरून गप्प. इतक्यात बाई आल्या आणि दारातूनच इंग्रजी झाडायला लागल्या. मला शब्द कळले नाहीत, हाकलतायत एवढं कळलं. मी ताटली आवरायला घेतली.

तेव्हा आपली वर्षिणी पदर सोडून बाईंपुढे जाऊन उभी राहिली. ओठांवर बोट ठेवून ठणकावून म्हणाली, नो टॉकिंग मॅम, अज्जी टॉकिंग.

बाई मटकन छोट्या खुर्चीत बसल्या. आता कुठल्या तोंडाने नाव काढा म्हणणार? बोलली ना पोर, तेही इंग्रजीत.

मला इंग्रजी येत नाही गं. पण ते वाक्य मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही, दोन महिने मीच तर ते ऐकत होते.

यापुढे सही करताना आत्याला आठव. लोभ आहेच.
तुझी आत्या