तिन्ही प्लेअर जागेवर राहू देत

लमाई,
मी यसोथोनला जातेय. तिथल्या विहारात जुना डिस्क प्लेअर अडगळीत टाकलाय, तो घेऊन येते. "तीन असताना चौथा कशाला, आई? दुकान टाकतेस का?" असं तू म्हणणारच. पण नवे आता मिळत नाहीत, आणि तिन्हींतला एक परवा बंद पडला.

आज भंगारवाला येईल. बंद प्लेअरही देऊ नकोस, त्याचे भाग बाकीच्या दोन्हींना लागतात. टोपलीत चिकट भात आहे, माशाची चटणी झाकून ठेवलीय.

मला उशीर झाला तर संध्याकाळी दादाचं प्रवचन तू लाव. फोनमधलं नको, डिस्कवरचंच. फोनमध्ये उतरवताना तू त्याचा खोकला काढून टाकलास, चांगल्या मनानेच. पण जातकातल्या राणी मद्दीचा हरवलेल्या मुलांसाठीचा विलाप गाताना त्याला ठसका लागतो आणि तो धर्मासनावरून म्हणतो, "आई, पाणी." भिक्खूचं चीवर घेतल्यापासून तो मला 'उपासिके' म्हणायचा. तेवढ्या एका जागी विसरला, आणि त्यानंतर पुन्हा कधी म्हणायला राहिला नाही.

लावशील तेव्हा प्लेअरजवळ पाण्याचा पेला ठेव. मी रोज ठेवते.

आई