सातव्या घराचं जाळं

बा, आपल्या डोहात आता जाळं टाकलं तर नुसता चिखल येते. तुले जाऊन लय सालं झाली, अन् म्या अक्षरं शिकलो ते म्हातारपणी. कागद धाडाचा तरी कुठं? पण हे सांगाचं तुलेच हाये. पूर्णेच्या त्या डोहावर आपल्या सात भोई घरांचीच पाळी, एका दिवशी एक घर, आठव्याले पाय बुडवाची मनाई. मिरग लागला की सातही घरांची जाळी तुझ्या आढ्याले टांगलेली, ती पोळा झाल्यावरच खाली. "मासोळी पोटुशी हाये, तिच्या वाटेत उभं राहू नोका," तू म्हणे. राखणदार तू, तुझ्यापुढं कोणाची बोलाची छाती नव्हती.

मंग विलायतेत कापूस मिळेना अन् अमरावतीत आपल्या कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. गाडीवान, दलाल, जो तो मासे मागून राहिला. मले कुठला धीर! आषाढात तू सोयऱ्याकडे पातूरले गेला अन् म्या आढ्यावरचं जाळं उतरवलं. आपलं उतरवलं तर तू गाठीवरून ओळखशील, म्हणून सातव्या घरच्या काकाचं. पाच दिवस डोह उपसला. हाताले अंडी चिकटत, राखेनं घासली तरी वास जाईना. मले भेव वाटे, तरी म्या जातच राहिलो.

तू परत आला, काकाच्या जाळ्याले हात लावला, ते वलं. पंच बसले. काका रडकुंडीले येऊन म्हणे, "दादा, माझं जाळं तुझ्याच आढ्याले होतं ना गा? मी कवा नेलं?" तू म्हणाला, "जाळं वलं हाये. बास." त्याची पाळी तोडली. गाडगी-मडकी डोक्यावर घेऊन ते घर अकोल्याच्या वाटेनं गेलं, अन् मी दारात उभा. तू एकदा माझ्याकडे पाहिलं, मंग कधीच नाही. काऊन विचारलं नाही मले, बा?

पुढल्या मिरगात मासा चढलाच नाही. त्याच्या पुढल्याही नाही. तू काठावर बसून पाण्याकडे पाहत राहे, जेवाले बोलावलं तरी उठत नसे, अन् त्याच हिवाळ्यात गेला. काकाचा तळतळाट लागला, लोक म्हणतात. लागला तर बरोबर घरीच लागला.

मागल्या महिन्यात अकोल्याच्या बाजारात काकाचा लेक भेटला. हमाली करते. बाप मरेपर्यंत नाही-नाहीच म्हणत होता, पण पोराले ते पटलं नाही. भर रस्त्यात माझ्या पाया पडला. "आमच्या बापानं तुमचा डोह नासवला, दादा. माफ करा."

बा, म्या त्याले माफ केलं.