फक्त फॅमिलीसाठी

६ जानेवारी, सोमवार

आले एकदाची तुमसरला! हातात दोन बॅगा, पाठीवर सॅक आणि तोंडावर न मावणारं हसू. वय एकतीस, लग्न झालेलं नाही, करायचंही नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराची किल्ली मिळणार आहे. पोरगी हाताबाहेर गेली, असं पुसदला आई सगळ्यांना सांगते. गेलीच मुळी!

राईस मिलमधला पहिला दिवस मजेत गेला. पोत्यापोत्यातून नमुना काढायचा, दाण्यातला ओलावा मोजायचा, तुटलेली कणी वेगळी करायची, हे माझं काम. केसांना तांदळाच्या कोंड्याचा वास लागलाय आणि मला तो आवडलाय. सध्या मुक्काम लॉजवर आहे. उद्यापासून घर शोधायचं.

९ जानेवारी, गुरुवार

चार घरं पाहिली. चारही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, मिस्टर काय करतात? नाहीत म्हटलं की चेहरे पडतात आणि घर अचानक कुणाला तरी आधीच दिलेलं असतं. एका काकांनी तर दार लावता लावता मला संस्कारांवर भाषण ऐकवलं.

पाचवं घर मधुकरराव आणि रुखमिणीकाकूंचं. खाली ते दोघं, वर दोन खोल्या रिकाम्या, आणि खिडकीतून तळं दिसतं. फाटकावर पाटी, ‘फक्त फॅमिलीसाठी’. काकूंनी मिस्टरांबद्दल विचारलं आणि मी खुशाल ठोकून दिलं की रायपूरला कंपनीत असतात, महिन्याभरात येतील. काकू खूश. घर मिळालं! येताना बाजारातून खोटं मंगळसूत्र घेतलं. आरशात पाहून इतकं हसू आलं म्हणून सांगू!

१२ जानेवारी, रविवार

राहायला आले. सकाळी मधुकरराव पोलीस स्टेशनात द्यायचा भाडेकरूंचा फॉर्म घेऊन आले. त्यात नवऱ्याचं नाव हवं. त्यांच्या भिंतीवर कापड दुकानाचं कॅलेंडर होतं, खाली मालकाचं नाव चंद्रकुमार. तेच लिहिलं आणि सही ठोकली. दुपारी खिडकीत बसून एकटीने वांग्याची भाजी आणि भात खाल्ला. कुणी विचारणारं नाही, कुणी वाढ म्हणणारं नाही. फार बरं वाटलं.

१९ जानेवारी, रविवार

खाली काकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शेजारच्या सरिताताईंनी मला पुढे ढकललं, नाव घेतल्याशिवाय वाण मिळणार नाही म्हणाल्या. पंधरा-वीस बायका टक लावून बसलेल्या. माघार घेतली असती तर बिंग फुटलं असतं, म्हणून घेतलं:

गिरणीत भरडला तांदूळ, सुपात राहिली कणी,
चंद्रकुमाररावांचं नाव घेते, तेच माझे धनी.

काय टाळ्या पडल्या! काकूंनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, “पाह्य, आता येतेत तुये मिस्टर. चार बायांत नाव घेतलं ना तू.”

२१ जानेवारी, मंगळवार

मिलमधून परतले तर काकू फाटकातच उभ्या. मिस्टर दुपारी आले होते, त्यांना वरची चाबी दिली, जेवून गेले म्हणाल्या. मला वाटलं थट्टा करताहेत. मीही हसले. वर कुलूप जसंच्या तसं होतं.

मोरीत मात्र दोन ताटं घासून पालथी घातलेली. मी सकाळी एकच ठेवलं होतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

कुलूप बदललं. नवी किल्ली कुणालाही दिली नाही, ती माझ्या पर्समध्ये असते. आज परतले तर गच्चीवरच्या दोरीवर पुरुषाचा शर्ट, निळ्या चौकड्यांचा, ओला.

सरिताताई म्हणाल्या की तुमचे हे फार शांत आहेत हो, नजर वर करत नाहीत. दिसायला कसे आहेत, असं मी विचारलं. घरवाल्याचं तोंड मला काहून विचारता, म्हणाल्या.

मला भीती वाटते आहे. लिहिते आहे, कारण सांगायला कुणी नाही.

२७ जानेवारी, सोमवार

काकूंना खरं सांगून टाकलं. लग्न झालेलं नाही, मंगळसूत्र बाजारातलं आहे, माफ करा. पाया पडले. त्या आधी हसल्या, मग एकदम चिडल्या. “भांडण झालं म्हून जित्याजागत्या माणसाले नाई म्हणतेत का व? कालच माह्या हातचा चहा पेऊन गेले ते.”

पोलीस स्टेशनात गेले. हवालदार भला माणूस होता, त्याने फॉर्म काढून दाखवला. माझ्या सहीशेजारी दुसरी सही होती. चंद्रकुमार. मी दिला तेव्हा ती जागा कोरी होती. कोरी होती! तो म्हणाला, ताई, घरातलं घरातच मिटवा.

खोटं मी बोलले होते. आता खरं बोलते तर कुणी ऐकत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

मिलमध्ये माझ्या टेबलावर दुसरी मुलगी बसली आहे. मॅनेजर म्हणाले की मिस्टर सकाळी येऊन राजीनामा देऊन गेले, तब्येतीला जपा. कागद पाहिला. अक्षर माझं. सही माझी.

मी लिहिलेला नाही. मी नाही लिहिला.

३० जानेवारी, गुरुवार

बॅग भरली. आईला फोन केला, मी येते आहे, काही विचारू नकोस. आई तर ओळखेल ना. आई तरी—

आई म्हणाली, जावईबापूंचा फोन येऊन गेला, तू रुसली आहेस म्हणून. म्हणाली, नवऱ्याचं घर असं सोडून येतात का? मी ओरडले, आई, माझं लग्न कधी झालं? ती रडायलाच लागली. कुठला हॉल, किती पाहुणे, हिरवा शालू मी कसा हट्टाने घेतला— सगळं सांगत होती. सगळं.

मला आठवत नाही. आठवत नाही ना?

शालू हिरवाच होता.

नाही. नव्हता. शालूच नव्हता.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळचे अकरा. जिन्याचं दार काकूंनी खालून लावून घेतलंय. मिस्टरांनीच सांगितलं म्हणे, तिला बाहेर सोडू नका, बरं नाही तिला. खिडकीतून हाका मारल्या. सरिताताईंनी खालून हात हलवला. हसल्या.

माझं लग्न झालेलं नाही. माझं नाव ज्योत्स्ना. मी एकटी राहते. हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे—

खालचं दार उघडलं. काकू कुणाशी तरी बोलताहेत. या म्हणाल्या, वरच आहे.

जिन्यावर पावलं. सावकाश. घरच्या माणसाची.

आतून कडी लावली आहे. मी उठणार नाही. काही झालं तरी उठ—

पाणी मागताहेत.

मागतोय. तो. मागतोय.

मी उठलेली नाही. मी लिहिते आहे. पण मोरीत तांब्या भरल्याचा आवाज— माझा हात ओला आहे— आले हो, म्हणालं कोण, मी तर—