आवाजाची नोकरी

७ जुलै

'समभाग' म्हणालो आणि पुढचा शब्द आलाच नाही! तोंड उघडं, आवाज नाही. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. पाणी प्यायलो, खाकरलो, उरलेला तास फाटक्या आवाजात रेटला. बी.कॉम.चा शंभर मुलांचा वर्ग, खाली शनिवार पेठेतले हॉर्न. खिडक्या लावल्या तर घुसमट, उघड्या ठेवल्या तर ओरडायचं.

संध्याकाळी हिंजवडीच्या क्लासमध्ये परत तेच. तिथला माईक बंद आहे. दुरुस्त होणार, होणार — ऐकतोय आपला.

नऊ वर्षं तासिका तत्त्वावर वाणिज्य शिकवतोय. दर जूनला नव्याने नेमणूक, दर एप्रिलला घरी. आणि आत्ता, नेमकी आत्ता, कॉलेजात एक पूर्णवेळ जागा निघाली आहे.

१० जुलै

घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. नाकातून कॅमेरा घातला. स्वरतंतूंवर दोन गाठी.

"शिक्षक ना?" त्यांनी न सांगताच ओळखलं. "सहा आठवडे मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही."

म्हटलं, चोवीसला मुलाखत आहे. समितीसमोर डेमो लेक्चर द्यायचंय.

"मग ठरवा. एक लेक्चर द्यायचंय की आणखी वीस वर्षं द्यायचीत?"

खाली उतरलो, ज्येष्ठमध घेतला, आणि थेट क्लासला गेलो.

१३ जुलै

बाबांचा फोन, गावाहून. त्यांना आता कमी ऐकू येतं. बोलायचं म्हणजे सगळ्या सोसायटीला कळेल असं बोलावं लागतं.

"आरं उत्तरेश्वर, परमनंटचं काय झालं?"

"चोवीसला आहे, बाबा. घसा बसलाय. नंतर बोलतो."

"काय बसलंय?"

ठेवून दिला. हे मी नेहमीच करतो. आवाज उद्याच्या तासासाठी राखायचा.

१६ जुलै

राजनंदिनी मॅडम माझाच विषय शिकवतात, त्याही तासिकेवर. याच जागेसाठी त्यांचाही अर्ज आहे. आज स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "सर, मुलाखतीपर्यंत तुमचे तास मी घेते. तुम्ही गप्प बसा."

आणि मी काय म्हणालो! "म्हणजे प्राचार्यांना दिसेल, माझ्यावाचून काही अडत नाही. असंच ना?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बरं. ओरडा मग."

आत्ता लिहिताना कानशिलं तापली आहेत. तेव्हा मात्र वाटलं होतं, बरा हाणला!

२२ जुलै

आवाज जवळजवळ नाहीच.

२३ जुलै

ओळखीतून दुसरे डॉक्टर गाठले. कार्यक्रमाआधी निवेदक, गायक घेतात तसलं इंजेक्शन. "उद्या सकाळी या. काही तास निभेल. नंतर मात्र पूर्ण विश्रांती — आणि हे तुमच्या जबाबदारीवर."

संस्कृतीला सांगितलं नाही. बायकोला सांगायची गोष्ट होती ही. ती नको म्हणाली असती, म्हणूनच नाही सांगितलं.

२४ जुलै

बोललो! काय बोललो! विषय निघाला 'व्यवस्थापनाची तत्त्वे'. पुस्तक बाजूला ठेवलं आणि समितीलाच वडापावची गाडी चालवायला लावली — एक मालक, एक तळणारा, प्राचार्यांना गल्ल्यावर बसवलं. माणसं हसायला लागली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "शेवटच्या रांगेपर्यंत पोचता तुम्ही."

तिथून घरी यायला हवं होतं. क्लासला गेलो. कुणी जबरदस्ती केली नव्हती. इतका स्वच्छ आवाज कित्येक वर्षांत लागला नव्हता — वापरावासा वाटला, एवढंच कारण. तास निम्मा झाला असेल, घशात काहीतरी गरम सुटल्यासारखं झालं. दुखलंही नाही. आवाज संपला.

२५ जुलै

स्वरतंतूत रक्तस्राव. पहिल्याच डॉक्टरांकडे गेलो, दुसरीकडे कुठे जाणार होतो? ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ऑपरेशन करावं लागणार.

९ ऑगस्ट

ऑपरेशन झालं. मौन. सगळं मोबाइलवर टाइप करून दाखवतो. बाबांचे फोन संस्कृतीच घेते. घाबरतील म्हणून त्यांना कळवलेलं नाही — कामात आहेत, एवढंच सांगते.

आज कंपनीच्या बसमधून उतरून आली, चहा टाकला आणि म्हणाली, "तसा घरात फरक काहीच नाही. इतकी वर्षं गप्पच असता. आता डॉक्टरांच्या सहीने."

मी 'सॉरी' टाइप करून फोन पुढे केला. तिने वाचलं नाही. "हे तोंडाने म्हणा. बरे व्हा आधी."

रोज जेवताना ती ऑफिसातलं सांगायची आणि मी मान हलवायचो. काय सांगायची? एक गोष्ट आठवत नाही.

१९ ऑगस्ट

माझे तास राजनंदिनी मॅडम घेतायत. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून मागून घेतले. दुसरा माणूस आणला असता तर माझी नेमणूक गेली असती. मला ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं.

मेसेज लिहिला, खोडला, लिहिला, खोडला. शेवटी नुसतं 'आभारी आहे.'

उत्तर आलं: 'मुलं विचारतात सर कुठे आहेत. म्हटलं, गप्प बसायला शिकतायत. उशिरा का होईना.'

१२ सप्टेंबर

बोलायची परवानगी मिळाली. "संस्कृती," म्हणालो. नुसती हवा, आणि हवेत थोडी खरखर. तिने ओढणीने डोळे पुसले. "आलं ऐकू." मग सॉरीही म्हणालो.

डॉक्टर म्हणतात, थोडा सुधारेल, पण पहिला आवाज परत येणार नाही. क्लास कायमचा बंद. वर्गात कॉलर माईक लावूनच.

२६ सप्टेंबर

निवड झाली. माझी! प्राचार्यांनी बोलावून सांगितलं. मी जेमतेम थँक्यू म्हणालो. "अजून घसा बरा नाही?" म्हणाले. मान हलवली. बरा होणार नाही, हे सांगितलं नाही.

जिन्यात राजनंदिनी मॅडम भेटल्या. "अभिनंदन, सर. पुढच्या जाहिरातीला आता माझी मुलगीच अर्ज करेल."

"मॅडम, त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी जे बोललो —"

"ऐकू येत नाही, सर," त्या म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

तास सुटला होता, मुलांचा गलका होता. खरंच ऐकू आलं नसेल. की आलं असेल?

२८ सप्टेंबर

बाबांना मीच फोन केला. "बाबा, उत्तरेश्वर बोलतोय. परमनंट झालो." होता नव्हता तेवढा जोर लावला. पुन्हा सांगितलं. पुन्हा.

"कोन? परवा बी एकाचा असाच फोन आल्ता, तुमचा पोरगा बोलतोय, पैसं पाठवा म्हनून. माझा उत्तरेश्वर पुन्यात सर हाय, त्याचा आवाज मला ठावं हाय. म्हाताऱ्याला फसवू नगा."

बाबांनी ठेवून दिला.