दोन वाक्यांच्या मध्ये

७ मार्च १९८९, जळगाव
धुळ्याहून सकाळच्या एसटीनं आलो. तोतारामनानांनी स्वतः चहा केला, मग आपला स्टुडिओ दाखवला. शेजारच्या डाळमिलची घरघर आत येऊ नये म्हणून भिंतींना गाद्या ठोकल्यात. उद्यापासून धरणगावच्या धुरपदाबाईंच्या अहिराणी गोष्टी कॅसेटसाठी भरायच्या. पहिलीच नोकरी. मजा वाटतेय.

८ मार्च
बाई सत्तरीच्या. राक्षस आला की ओरडतात, मीटरचा काटा लाल पट्टीत जातो. राणी रडली की कुजबुजतात, काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ऐकणाऱ्यानं सारखं बटण फिरवत बसायचं का? म्हणून कंप्रेसर लावला. तो मोठा आवाज दाबतो. मग सगळंच थोडं उचललं की बारीक आवाजही वर येतो. बाईंना कौतुक वाटलं. मला अभिमनभाऊ म्हणतात.

९ मार्च
टेपवर बाई जिथे श्वास घ्यायला थांबतात तिथे एक लहान मुलगी बोलते. वाटलं, जुनी टेप नीट पुसली गेली नसेल. कोरी लावली. तरी आहे.

१० मार्च
बाईंना हेडफोन दिला. मुलगी म्हणत होती, "अक्का, माले ढकलू नको."
बाईंचा चेहरा उतरला. हेडफोन काढून ठेवत बोलल्या. धाकटी बहीण होती, विहिरीवर भांडण झालं. घरी सांगितलं, पाय घसरला. साठ वर्षं हे कुणाजवळ काढलं नाही. दुपारच्या गाडीनं त्या लेकीकडे चाळीसगावला गेल्या.

११ मार्च
रिकाम्या खोलीतला आवाज टेपवर भरून, उचलून पाहिला. ती विचारत होती, "अक्का कोठे शे?"
माझ्या तोंडून निघून गेलं. चाळीसगावला, लेकीकडे.

१३ मार्च
नानांना फोन आला. बाई गेल्या. लेकीच्या अंगणातल्या टाकीत सापडल्या. पाणी कमरेएवढंच होतं.

१४ मार्च
आता दोघी आहेत. बाईंचा आवाज खोल, ओला. "मना पत्ता कोनी दिधा?"
बटण शून्यावर आणलं. आवाज तेवढाच.

१५, दुपार
कंप्रेसर बंद. वायर काढली. हेडफोन टेबलावर — तरी विचारतात. डाळमिल चालू आहे, तिच्याही वर —
डाव्या हातानं तोंड दाबून लिहितोय. मी बोलत नाहीये. पण खोलीत माझ्याच आवाजात कुणीतरी सांगतंय — मी दिला, मी, अभि—